सात देखणे आणि चौऱ्याहत्तर ओबडधोबड: 'डोव्रेगुब्बेन' मागे का पडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेतल्या हामारच्या रेल्वे संग्रहालयात 'डोव्रेगुब्बेन' हे वाफेचं इंजिन पाहिलं आणि डोळे दिपले. मग वाचनात आलं की या जातीची इंजिनं अवघी ७ बनली आणि पंचवीस वर्षंही धड चालली नाहीत. उलट युद्धात जर्मनांनी घाईघाईने ठोकून काढलेली इंजिनं नॉर्वेच्या रुळांवर १९७०च्या सुमारापर्यंत टिकली. हे उलटं कसं झालं? आणि इंग्लंडला भावाकडे जाणार आहात, तर तिथे यातलं काही बघायला मिळेल का?

मी १९७४ साली भुसावळच्या लोको शेडमध्ये शिकाऊ म्हणून लागलो आणि वाफेची इंजिनं जाईपर्यंत तिथेच हात काळे केले. मुलगा ऑस्लोला असल्यामुळे निवृत्तीनंतरचे बरेच उन्हाळे नॉर्वेत गेले. तिथल्या हौशी मंडळींच्या एका कार्यशाळेत पान्हे उचलून देण्यापासून नळ्या बसवण्यापर्यंत मिळेल ते काम केलं. तेव्हा उत्तर शेडच्या माणसाचं आहे हे लक्षात ठेवून वाचा. इंजिन बनवणाऱ्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

आधी मार्ग समजून घ्यायला हवा, कारण इंजिन त्या मार्गासाठीच बेतलेलं होतं. ऑस्लो ते ट्रॉन्डहाइम हे अंतर सुमारे ५५० किमी. यातला डोम्बोस ते स्टोरेन हा डोंगरातला टप्पा १७ सप्टेंबर १९२१ रोजी सुरू झाला आणि डोव्रे मार्ग पुरा झाला. (उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी परतणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीला ट्रॉन्डहाइमजवळ अपघात होऊन ६ माणसं दगावली. त्यामुळे तिथले जुने लोक ही तारीख फारशा आनंदाने काढत नाहीत.) येरकिन स्टेशनाजवळ रूळ समुद्रसपाटीपासून १,०२४ मीटरवर पोचतात. ट्रॉन्डहाइमहून निघालेली गाडी जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून तिथवर चढते. चढ हजारी १८, म्हणजे आपल्या भाषेत ५५ला १. बोर घाट आणि थळ घाटातल्या ३७ला १ पुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपला घाट काही किलोमीटरांत संपतो, पायथ्याशी बँकर म्हणजे मदतीचं जादा इंजिन जोडायचं आणि माथ्यावर सोडायचं. डोव्रेचा चढ मात्र तासन् तास अंग सोडत नाही. थोडं सपाट, पुन्हा चढ, वळण, पुन्हा चढ. वर हिवाळ्यात बर्फ आणि रुळावर दवाचा गोठलेला पापुद्रा. अशा ठिकाणी इंजिनाची ताकद महत्त्वाची असतेच, पण त्याहून जास्त महत्त्वाचा असतो त्याचा दम. बॉयलरने तासभर, दोन तास सलग वाफ पुरवली पाहिजे.

१९३०च्या आधी हे काम ४-८-० मांडणीची इंजिनं करत होती: पुढे चार छोटी चाकं, मग आठ ओढणारी चाकं, मागे काही नाही. या मांडणीत बहुतेक वजन ओढायच्या कामी येतं, पण फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) चाकांच्या वर आणि मध्ये कोंबावा लागतो. ओढणारी चाकं मोठी असली की फायरबॉक्स रुंद करायला जागाच उरत नाही. कोळसा जळतो ती तळाची जाळी अरुंद असली की कोळसा जाळायला मर्यादा आली, आणि कोळसा जेवढा जळेल तेवढीच वाफ. गाड्या जड होत गेल्या तसं दोन इंजिनं जोडावी लागायला लागली. दोन इंजिनं म्हणजे दोन ड्रायव्हर, दोन फायरमन, दोघांचा कोळसा.

यावर उपाय म्हणून १९३५ साली टाइप ४९, म्हणजेच तुमचं 'डोव्रेगुब्बेन' आलं. पहिलं इंजिन ऑस्लोच्या थुने कारखान्यात तयार झालं, पुढच्या काही इंजिनांत हामारच्या कारखान्याचाही हात होता, आणि शेवटची युद्धकाळात जर्मनीतल्या क्रुपकडून आली. मिळून ७. तुम्ही पाहिलेलं ४७० क्रमांकाचं त्यातलंच. मांडणी २-८-४. मागे चार चाकांची बोगी असल्यामुळे फायरबॉक्स चाकांच्या मागे नेता आला, हवा तेवढा रुंद आणि खोल करता आला. बॉयलरही तसाच भरदार. युरोपात ही मांडणी फार थोड्या ठिकाणी दिसायची. नॉर्वेसारख्या छोट्या देशाने, हलक्या रुळांवर, दर धुरीमागे (अ‍ॅक्सलमागे) १५ टनांच्या आसपास वजनात हे बसवून दाखवलं, ही खरी कमाल. मागची बोगी पाहताना हेच आठवा. नुसतं मोठं इंजिन बांधणं सोपं असतं, मोठं बांधून हलकं ठेवणं अवघड.

नाव इब्सेनच्या 'पेर ग्युंट' नाटकातल्या पात्राचं. डोव्रे डोंगराच्या पोटात राहणारा राक्षसांचा राजा, शब्दशः 'डोव्रेचा म्हातारा'. त्या डोंगरावर गाडी चढवणाऱ्या इंजिनाला याहून चपखल नाव शोधून सापडलं नसतं.

आता खरी गोष्ट सुरू होते. टाइप ४९ला सिलिंडर चार होते आणि ते कंपाउंड होतं. ज्यांनी फक्त आपली डब्ल्यूपी-डब्ल्यूजी (भारतीय रेल्वेची प्रवासी आणि मालगाडीची वाफेची इंजिनं) पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या इंजिनांत वाफ सिलिंडरमध्ये एकदा काम करते आणि भक्‌भक् करत धुराड्यातून निघून जाते. कंपाउंडमध्ये पहिल्या, छोट्या सिलिंडरात काम झालेली वाफ बाहेर न सोडता मोठ्या सिलिंडरात पाठवतात आणि उरलेला दाबही वापरून घेतात. एका भांड्यातली डाळ उपसून दुसऱ्यात फोडणी द्यावी तसं. कोळसा वाचतो. कुठल्या परिस्थितीत किती वाचतो यावर कारखानदारांचे आणि शेडवाल्यांचे आकडे कधीच जुळत नाहीत, पण वाचतो हे नक्की.

नॉर्वेला हे का हवं होतं हे लक्षात घेतल्याशिवाय त्या अभियंत्यांना नावं ठेवू नयेत. नॉर्वेच्या मुख्य भूमीत इंजिनात घालण्याजोगा कोळसा निघत नाही. जो आहे तो पार उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर, बाकी सगळा जहाजाने आयात. आपल्याकडे झरियाचा कोळसा घरचा होता, तरी आम्हाला दर ट्रिपला किती जळला त्याचा जाब द्यावा लागायचा. त्यांना तर प्रत्येक फावडंभर कोळसा परकीय चलनाचा. म्हणून कंपाउंड हा छंद नव्हता, गरज होती.

पण चार सिलिंडर बसवायचे कुठे? दोन बाहेर, दोन आत, चौकटीच्या मधोमध. आतल्या सिलिंडरांचा जोर चाकांपर्यंत न्यायचा तर धुरी सरळ चालत नाही, वाकडी म्हणजे क्रँक धुरी लागते. ही धुरी बनवायला महाग, आणि तडा गेला तर लगेच कळत नाही. आतले कनेक्टिंग रॉड, त्यांचे ब्रास (बेअरिंग), व्हॉल्व्हची यंत्रणा, ग्लँड (वाफ गळू न देणारे जोड), हे सगळं पाहायचं तर इंजिन पिटवर घेऊन खालून शिरावं लागतं. मी ज्या कार्यशाळेत जात असे तिथे आत सिलिंडर असलेल्या एका इंजिनाखाली मी एकदाच शिरलो. पाठ टेकायला जागा नाही, वरून गरम तेल ठिबकतंय, हात खांद्यापर्यंत घातल्यावर बोटाच्या टोकाला नट लागतो. बाहेर आलो तेव्हा तिथला म्हातारा फिटर हसत होता. भुसावळला बाहेरच्या रॉडचा ब्रास बदलायला आम्हाला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात इथे फक्त कव्हर निघालं असतं.

आणि असा प्रत्येक भाग फक्त सात इंजिनांसाठी. शेडमध्ये सात हा फार वाईट आकडा आहे. शंभर इंजिनं असली की सुट्या भागांचा ढीग असतो, प्रत्येक फिटरच्या हाताला ते काम बसलेलं असतं, एखादं कंडम झालं तर त्याचे भाग दुसऱ्याला जातात. सात म्हटल्यावर दोन वॉशआउटला (बॉयलर धुवायला), एक कार्यशाळेत, एक भागाची वाट पाहत उभं, आणि गाड्यांना उरली तीन. एक जरी वाटेत बसलं तरी वेळापत्रक कोलमडतं. याचा अर्थ टाइप ४९ वाईट होतं असा नाही. डोव्रेवर जड प्रवासी गाड्या एकट्याने नेणारं त्या काळातलं ते नॉर्वेतलं सगळ्यात दमदार इंजिन. पण त्याला सांभाळायला जेवढी माणसं, वेळ आणि भाग लागत होते, त्या हिशोबाने सात इंजिनं म्हणजे सात स्वतंत्र संसार.

दरम्यान एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला करून तो ताब्यात घेतला होता. पुढच्या पाच वर्षांत मालगाड्यांची गर्दी वाढतच गेली. उत्तरेकडे नूर्लान मार्ग पुढे रेटला जात होता. त्या कामावर सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह युद्धकैद्यांना जुंपलं, आणि त्या बर्फात त्यातले किती मेले हे आजही त्या भागातल्या दफनभूम्या सांगतात. या पार्श्वभूमीवर जर्मन युद्धइंजिनं नॉर्वेत पोचली.

हे इंजिन म्हणजे जर्मन रेल्वेचं ५२ क्रमांकाचं 'क्रीग्सलोक'. जन्म १९४१-४२च्या रशियन हिवाळ्यात झाला असं म्हणायला हरकत नाही. जर्मन रेल्वेची चांगली, शांतताकाळातली इंजिनं तिथे थंडीने पटापट बसली. बाहेरून गेलेले पाण्याचे पंप आणि नळ्या गोठून फुटल्या. त्यांच्या जवळ आधीच ५० क्रमांकाचं चांगलं मालगाडी इंजिन होतं. त्यावरून एकेक वस्तू काढत गेले आणि ५२ तयार झालं. १२ सप्टेंबर १९४२ रोजी पहिलं इंजिन बोर्झिग कारखान्यातून बाहेर पडलं, आणि पुढे डझनभराहून जास्त कारखान्यांत मिळून ६,७०० हून जास्त बनली. एका आराखड्याची एवढी वाफेची इंजिनं जगात फार थोड्या वेळा बनली आहेत.

काय काय काढलं ते ऐका, कारण यातच उत्तर आहे. पाणी गरम करून बॉयलरला देणारा पंप काढला, त्याऐवजी वाफेच्याच जोरावर पाणी आत ढकलणारे दोन साधे इंजेक्टर. धुराड्याजवळचे धूर वळवणारे पत्रे काढले. घडवून, तासून गुळगुळीत केलेले कनेक्टिंग रॉड काढले, त्याऐवजी लाटलेल्या लोखंडाला टोकं जोडून वेल्ड केलेले. ब्रासला पाचर मारून घट्ट करायची सोय काढली. झिजला की नवा बुश ठोका, विषय संपला. फायरबॉक्स पोलादाचा. बेअरिंगच्या मिश्रधातूत कथिल कमी, कारण कथिलच नव्हतं. पुढे पुढे जाड पट्ट्यांची कातलेली चौकट सोडून पत्र्याची चौकट. टेंडर तर चौकटीशिवायच: तेलाच्या टाकी-डब्यासारखा गोल तळाचा हौद, त्यालाच चाकं. ३० घनमीटर पाणी, १० टन कोळसा, आणि रिकामं वजन जेमतेम १९ टन. ५० क्रमांकाच्या इंजिनात सुमारे ६,००० भाग होते, ते ५,००० वर आले.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या तोंडून शिट्टी निघाली. शेडमधल्या माणसाला विचारा, हजार भाग कमी म्हणजे काय. हजार वस्तू ज्या कधी सैल होणार नाहीत, गळणार नाहीत, ज्यांच्यासाठी रात्रपाळीत कोणी धावणार नाही. हे इंजिन थोडी वर्षं चालावं आणि युद्ध संपल्यावर भंगारात जावं अशाच हिशोबाने बनवलं होतं. पण कमी भागांचं इंजिन हे सांभाळायलाही सोपं इंजिन असतं, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

आणि एक गंमत. ५२ला थंडीपासून वाचवणारी चारही बाजूंनी बंद केबिन दिली होती. जर्मन तिला 'नॉर्वेजियन' पद्धतीची केबिन म्हणत. नॉर्वेच्या ड्रायव्हरांना वादळात टेंडरवरून येणारा बर्फ झेलत बसायचं नव्हतं, म्हणून तिथे बंद केबिनची पद्धत होती. जर्मनांनी ती उचलली, हजारो इंजिनांवर बसवली, आणि त्यातली काही इंजिनं अशी फिरून नॉर्वेतच आली. आमच्या शेडमध्ये कोणी आपलाच पान्हा उसना नेऊन परत आणून दिला की जसे भाव चेहऱ्यावर यायचे, तसे तिथल्या ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर आले असणार.

मे १९४५ मध्ये जर्मन शरण आले तेव्हा अशी ७४ इंजिनं नॉर्वेत मागे राहिली. नॉर्वेच्या सरकारी रेल्वेने त्यांना टाइप ६३ नाव दिलं आणि क्रमांक जर्मनांचेच ठेवले, फक्त पुढचा ५२ गाळला. रुळांवरच्या लोकांनी नाव पाडलं 'स्टोरटिस्कर', मोठा जर्मन. या नावात प्रेम किती आणि राग किती हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. पाच वर्षं ज्यांच्या बुटाखाली काढली त्यांचं यंत्र रोज तेलपाणी करून चालवायचं, हे सोपं नसणार. पण दुसरं होतं काय? पाच वर्षं मार खाल्लेला जुना ताफा, आणि समोर ७४ जवळपास नवी, एकाच साच्यातली इंजिनं.

'एकाच साच्यातली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जर्मन रेल्वेने १९२०च्या दशकापासून मोजमापांची सक्ती केली होती. कुठल्याही कारखान्यातला भाग कुठल्याही कारखान्याच्या इंजिनात बसलाच पाहिजे, कानस न लावता. एल्बिंगला बनलेल्या इंजिनाचा रॉड व्हिएन्नात बनलेल्या इंजिनाला चालतो. म्हणजे ७४ इंजिनं असली की त्यातली दहा उभी करून त्यांच्यावर बाकीची ६४ वर्षानुवर्षं जगवता येतात. टाइप ४९च्या सातात हे करूनच पाहा.

आता ताकदीचा हिशोब. हा पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. हजारी १८ चढावर एक टन वजन ओढायला १८ किलो जोर चढासाठी आणि साधारण ३ किलो चाकांच्या घर्षणासाठी लागतो. वळणं सोडून देऊ. म्हणजे टनामागे २१ किलो. ५२ला ओढणाऱ्या धुऱ्या पाच, प्रत्येकी १५ टनांच्या आसपास, मिळून ७५ टन. कोरड्या रुळावर चाक न घसरता त्याच्या पाव हिस्सा जोर लावता येतो, म्हणजे सुमारे १९ टन. त्याला २१ने भागा: इंजिन आणि टेंडर धरून ९०० टनांची गाडी. टाइप ४९ला ओढणाऱ्या धुऱ्या चारच, मिळून ६२ टनांच्या आसपास. पाव हिस्सा साडेपंधरा टन, गाडी ७४० टनांची. रुळावर पापुद्रा धरला की पाव हिस्सा पंधरा टक्क्यांवर येतो: ५२ला ५३० टन, ४९ला ४४०.

ही पकडीची मर्यादा झाली, वाफेची वेगळी. ५२ची ताकद सिलिंडरात मोजली तर १,६२० अश्वशक्ती. ताशी ३० किमी वेगाने चढायचं तर तिच्यातून साडेचौदा टन जोर निघतो, म्हणजे ६९० टनांची गाडी. भरलेलं इंजिन आणि टेंडर यांचेच १४० टन वजा करा, मागे उरले साडेपाचशे. वेग वाढवाल तसं हे झरझर घटतं. इथे टाइप ४९चा मोठा बॉयलर जिंकतो. प्रवासी गाडी ५०-६०च्या वेगाने चढवायची असेल तर 'मोठा जर्मन' धापा टाकणार आणि डोव्रेचा म्हातारा मजेत जाणार. ५२ची चाकं १,४०० मिलिमीटर, वेगाची मर्यादा ८०. बनलंच ते मालगाडीसाठी. ती चाकं छोटी असल्याचा आणखी एक फायदा: फायरबॉक्स चाकांच्या वर ठेवूनही रुंद करता आला, ३.९ चौरस मीटरची जाळी बसली, आणि मागच्या बोगीचं लोढणं लागलं नाही. ओढणाऱ्या चाकांवरचं वजन चोरून घेणारी चाकं जेवढी कमी तेवढं मालगाडीला बरं.

तेव्हा तुमच्या 'उलटं कसं झालं' यावर माझं मत असं. टाइप ४९ ज्या कामात राजा होतं, म्हणजे जड प्रवासी गाडी वेगाने डोंगर चढवणं, नेमकं तेच काम डिझेलने आधी हिसकावलं. १९५४ पासून स्वीडनच्या नोहाबकडून डीआय-३ डिझेल इंजिनं येऊ लागली. सहा धुऱ्या, अमेरिकी जनरल मोटर्सचं यंत्र. ऑस्लोहून ट्रॉन्डहाइमपर्यंत राख काढायला, पाणी भरायला, आग साफ करायला थांबायची गरज नाही. पहिल्या दर्जाच्या गाड्यांवर असं इंजिन आलं की पहिल्या दर्जाचं वाफेचं इंजिन बेकार होतं. त्याला खालच्या कामावर लावणं परवडत नाही. चार सिलिंडरांची देखभाल करून मातीचे डबे कोण ओढेल? आमच्याकडेही असंच झालं. सुंदर डब्ल्यूपी मेल-एक्स्प्रेसवरून उतरली आणि पॅसेंजरवर रखडली, पण साधी, काळी डब्ल्यूजी मालगाड्यांवर शेवटपर्यंत कामाची राहिली. टाइप ४९ १९५०चं दशक संपता संपता गेलं. टाइप ६३ कुठल्याही यार्डात, कुठल्याही मालगाडीला, कुठल्याही फिटरच्या हाताखाली चालणारं होतं, म्हणून राहिलं.

दुसरं कारण विजेचं. नॉर्वेकडे कोळसा नाही, पण धबधबे आहेत. १९२० च्या दशकापासूनच तिथे विजेचे मार्ग सुरू झाले होते, युद्धाने ते लांबले. ऑस्लो ते स्टावांगर १९५६ मध्ये पुरं झालं, बर्गेन मार्ग १९६४ मध्ये, आणि डोव्रे मार्ग ट्रॉन्डहाइमपर्यंत १९७० मध्ये. टाइप ६३चा शेवटही त्याच सुमारास झाला. कोळसा वाचवायला म्हणून कंपाउंडचा एवढा खटाटोप केला, आणि शेवटी कोळसाच नको झाला.

एक कबुली देतो. मी ५२ची फार बाजू घेतली असं वाटेल. तशी ती मोठी चांगली होती असं नाही. हलक्या प्रतीच्या बेअरिंगमुळे गरम अ‍ॅक्सलबॉक्सचा त्रास, हलक्या वेल्डिंगमुळे टेंडरच्या गळत्या, पत्रे नसल्यामुळे रेग्युलेटर (वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह) बंद केला की धूर ड्रायव्हरच्या तोंडावर. एकाच इंजिनावर बसून डोव्रे चढायचा असेल तर मी डोळे मिटून टाइप ४९ निवडेन. पण शेड चालवायला द्याल तर ६३ घेईन. युद्धात आपल्याकडे आलेली अमेरिकन-कॅनेडियन एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी इंजिनंही याच जातीची. मी शिकाऊ असताना आमचे जुने मिस्त्री त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली करत, जसा घरातल्या एखाद्या अशिक्षित पण सगळं सांभाळणाऱ्या थोरल्या काकाबद्दल करतात. बाहेर दोन सिलिंडर, जाड चौकट, सगळं हाताशी. पुढे आपली डब्ल्यूजी त्याच वळणावर बनली.

युद्धानंतर ५२ बाकी युरोपभर पसरलं. पोलंडने त्याला टीवाय-२ म्हटलं, पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकात २०० इंजिनांना नवे बॉयलर घालून पुन्हा तरुण केलं, आणि बॉस्नियात तुझ्ला जवळच्या कोळसा खाणींवर तर याच शतकातही ती डबे ओढत होती. थोड्या वर्षांसाठी बनवलेल्या वस्तूला यापेक्षा जास्त काय मागावं?

हामारला पुन्हा गेलात तर ४७०च्या समोर उभं राहून फोटो काढू नका, तो आता तुमच्याकडे असेलच. वाकून चाकांच्या मधून आत पाहा. आतले सिलिंडर आणि वाकडी धुरी यांची जागा दिसेल, आणि पाहूनच पाठ दुखायला लागेल. मग मागच्या चार चाकांवर फायरबॉक्स कसा बसलाय ते पाहा. टाइप ६३ मधलं २७७० नॉर्वेतच राखलेलं आहे. ते समोर असेल तर दोघांच्या कनेक्टिंग रॉडवर हात फिरवा. एकाला आरशासारखी चकाकी, दुसऱ्याला लाटल्याच्या खुणा. मी जे एवढं लिहिलं ते त्या दोन रॉडांत आहे.

इंग्लंडचं विचारलंत. नॉरफोकमध्ये डिसजवळ ब्रेसिंगहॅमचं वाफेचं संग्रहालय आहे. तिथे टाइप ६३ मधलं ५८६५ उभं आहे, १९४४ साली एल्बिंगच्या शिखाउ कारखान्यात बनलेलं. एल्बिंग आता पोलंडमध्ये आहे. नॉर्वेतून तिकडे गेल्यावर त्याला नाव मिळालं 'पेर ग्युंट'. नाटकात डोव्रेच्या राजाच्या दरबारातून निसटलेला तोच. केबिनच्या पायऱ्या चढायला परवानगी असली तर वर जा, दार मागे ओढून घ्या आणि दाराची फट किती घट्ट बसते ते पाहा. नॉर्वेच्या ड्रायव्हरांनी मागितलेली बंद केबिन ती हीच.